आंदणात आलेला बँडवाला

माझ्या कामाला सरकारी रजिस्टरात 'कृत्रिम रेतन करणे' असं क्रियापद होतं. सबंध नोकरीत हे क्रियापद मी रजिस्टराबाहेर एकदाही ऐकलं नाही. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे सुरुवातीला सांगत असे. मग लोक विचारत, 'मंग कोन हा?' आणि त्याचं उत्तर लांबायचं. म्हणून डॉक्टर तर डॉक्टर.

गावात जो तो आपापलं क्रियापद घेऊन यायचा. दूधवाले सरळ म्हणत, 'म्हैस भरून द्या.' म्हातारे म्हणत, 'बीज टाका.' शिकलेली पोरं 'ए.आय. कराची हाय' म्हणत. घरात सासरा बसलेला असताना फोन करावा लागलेली एक सून म्हणाली, 'डॉक्टर, आमची म्हैस तुमची आठवण काढून रायली.' मला कळलं. पण मागून सासऱ्याचा आवाज आला, 'कोनाची आठवण?' आणि फोन बंद झाला. बार्शीटाकळीला असताना एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं, 'कालवडीवर संस्कार करायचे आहेत.' मला वाटलं, ती लाथा मारत असेल.

माझ्या मुलीला शाळेत विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, सरकारी नोकरी. पुढं विचारलं तर म्हणाली, प्राणी वगैरे.

काम तसं अवघड नाही, फक्त ते सांगायला अवघड आहे. अॅल्युमिनियमचं एक भांडं असतं, दुधाच्या कॅनसारखं. त्यात नायट्रोजन, इतका थंड की झाकण उघडलं की धूर निघतो. लहान मुलं लांबून बघायला जमत. त्या धुरात बारीक नळ्या असतात, सरबताच्या नळीहून बारीक, आणि प्रत्येक नळीत एका वळूचं बीज गोठवलेलं. नळी बाहेर काढायची, कोमट पाण्यात थोडा वेळ धरायची, लांब दांड्याच्या गनमध्ये बसवायची. डाव्या हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा घालायचा आणि तो हात जनावराच्या मागच्या बाजूनं आत घालून चाचपत गर्भाशयाचं तोंड धरायचं. उजव्या हातानं गन खालच्या वाटेनं न्यायची आणि नेमक्या जागी नळी रिकामी करायची. बस. जनावर या सगळ्या वेळात बहुधा कुटार, म्हणजे भुसा, खात असतं. मालक आभाळाकडे बघत असतो.

खरं कसब वेळेचं. गाय माजावर आली की गावभर ओरडून सांगते. म्हैस सांगत नाही. तिचा माज मुका. सकाळी उजाडताना तिच्या मागं काचेसारख्या चिकट स्रावाचा सोट दिसला तर दिसला, नाही तर ती दिवसभर डबक्यात बसून तोंडावर काहीही दाखवत नाही. मी म्हैस बघून, हात लावून, आज का उद्या ते सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. याचा मला अभिमान आहे. दिवाळी अंकात छापून येत असेल तर तो इथं नोंदवून ठेवतो.

या नोकरीत माझा डावा हात गावोगावच्या गोठ्यांत खांद्यापर्यंत जाऊन आला. काही घरी त्यानंतर चहा यायचा तो वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या कपात. आमचं आडनाव विचारून घेतलेलं असायचं. म्हशीच्या पोटात चालणारा हात घरच्या कपाला चालत नव्हता. राग यायचा. मी तो कप तसाच ठेवून निघायचो आणि पुढच्या वेळी त्या घरचा फोन आला तरी जायचो, कारण म्हशीनं आडनाव विचारलेलं नसायचं.

मुख्याध्यापकांची गोष्ट अर्धी राहिली. मी नळी काढली तर म्हणाले, 'थांबा. घराणं कोणतं?' म्हणजे वळूचं. मी सांगितलं, चांगलं आहे. 'आईचं दूध किती होतं? स्वभाव कसा? बहिणी आहेत का?' नळीवर नुसता एक आकडा छापलेला असतो. तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, 'याला नाव नाही?' मी म्हटलं, नंबर आहे. पोरीचं लग्न नंबराशी लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी मी तालुक्याला जाऊन वळूंच्या फोटोंचं पुस्तक आणलं. त्यांनी पानं उलटून एक पसंत केला. तो कपाळावरून सज्जन वाटतो म्हणाले. त्याच्या नळ्या आमच्याकडे नव्हत्या. मी दुसऱ्याची टाकली आणि तिला कालवड चांगली झाली. ती बापावर गेली आहे असं मुख्याध्यापक सगळ्यांना सांगत.

पण नळी टाकणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे प्रबोधन. म्हशीच्या पोटात बीज टाकायला खात्यानं भांडं दिलं होतं, मोजा दिला होता. मालकाच्या डोक्यात टाकायला काहीच दिलं नव्हतं. ते आम्ही तोंडानं करायचो. धोरण असं होतं की गावठी म्हशीला मुऱ्हा जातीची नळी द्या, पुढची पिढी जास्त दूध देईल, आणि गावातले गावठी हल्ये बंद करा. हल्या म्हणजे आमच्याकडे रेडा. नळी असल्यावर हल्या पोसायचा कशाला, हे लोकांना पटवायचं.

मी पाराखाली बसून पटवायचो. आकडे सांगितले की लोक तंबाखू मळू लागत. मग एकदा वलगावला, म्हणजे माझ्याच गावी, वरात बघताना मला सुचलं. दुसऱ्या दिवशी सभेत म्हटलं, 'हल्या म्हंजे लग्नातला बँडवाला. वरातीपुरता लागते. वाजवलं, झालं. त्याले कोनी वर्षभर घरी जेवाले ठेवते का?'

सभा हसली. त्यानंतर मी हेच सगळीकडे बोललो. अकोल्याकडे बदली झाली तिथं बोललो, अमरावतीकडे परत आलो तिथं बोललो. हळूहळू गावांतून हल्ये गेले. लोक टोणगा, म्हणजे नर पारडू, झाला की तो दाढी येण्याआधी बाजारात नेत. मी चूक केली असं म्हणत नाही. ज्या गावात गोड पाणी होतं तिथं मुऱ्ह्याच्या म्हशींनी घरं उभी केली आहेत, ती घरं मला आजही चहाला बोलावतात.

आता शेवंताबाईकडे येतो. त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

शेवंताबाईंचं गाव पूर्णेच्या काठचं. नाव सांगत नाही, कारण त्यांचा मुलगा गजानन दिवाळी अंक वाचतो. तो सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. तिथं पूर्वीपासून एक म्हैस आहे, भुरी. रंग राखेसारखा, कातडी पातळ, ते पाणी ती निमूट पिते आणि उन्हाळ्यातही दूध आटवत नाही. बादली भरून देत नाही, पण देते त्याचं लोणी निघतं. शेवंताबाईंच्या दारात अशी एक होती, राखी नावाची. राखी शेवंताबाईंच्या आईच्या म्हशीच्या वंशातली. लग्नात आईनं आंदण म्हणून दिलेल्या म्हशीची ही कितवी तरी पिढी. आणि त्या भागात रिवाज असा की आंदणाचं जनावर बाईचं. त्याची पैदासही बाईचीच. घरात नांगर कोणाचा, वावर कोणाचं हे पुरुष ठरवतील, पण आंदणाच्या म्हशीला आणि तिच्या पारडांना हात लावायचा तर बाईला विचारून.

त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा आला तो कान तुटलेल्या कपात. माझा चेहरा बघून शेवंताबाईंनी आपला कप वर करून दाखवला. त्याचाही कान तुटलेला होता. 'आमच्या घरी साबूत कपच नाई, डॉक्टर. गजाननच्या लग्नात घेऊ.' त्या घरी मी चहा पूर्ण पिऊन निघायचो.

मी निवृत्तीला आलो त्या सुमाराचं. राखी म्हातारी झाली होती. मागच्या दोन्ही खेपेला टोणगे झाले होते, ते बाजारात गेले. एखादं वेत, म्हणजे बाळंतपण, उरलं असेल. शेवंताबाई दवाखान्यात आल्या आणि दारातच म्हणाल्या, 'डॉक्टर, मले भुरी वगार पायजे. राखी गेली तं माह्या मायचं काईच नाई उरत माह्यापाशी.'

वगार म्हणजे मादी पारडू. मी म्हटलं, भुऱ्या हल्याची नळी भांड्यात नाही, मुऱ्ह्याच्याच आहेत.

'मंग गावातला हल्या दाखवा.'

गावात हल्या नव्हता. शेजारच्या गावात नव्हता. मी दोन-चार जणांना फोन केले, नदीच्या पलीकडेही नव्हता. सगळे एकच सांगायचे, 'आता कोन ठेवते, साहेब?' शेवंताबाई माझ्या टेबलासमोर बसून ते सगळे फोन ऐकत होत्या. त्यांनी बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

गजानन संध्याकाळी वेगळा आला. 'साहेब, मायचं आयकू नका. मुऱ्ह्याची टाका. बादलीभर दूध पायजे मले. भुरीचं लोनी काय फेसबुकवर लावू?' मी म्हटलं, जनावर आंदणाचं आहे. तो म्हणाला, 'म्हनूनच तं तुमाले सांगून रायलो. तुमी गुपचूप टाकली तं कोनाले समजते?' त्याचं बरोबर होतं. नळीत डोकावून रंग दिसत नाही. दहा महिने कोणालाच समजलं नसतं.

मध्यंतरी या भुऱ्या म्हशीला पूर्णाथडी म्हणून जातीचा मान मिळाला होता. ज्या जातीचे हल्ये बंद करा म्हणून आम्ही घसा कोरडा केला, तिचं आता जतन करा असं वरून येऊ लागलं. एका मोठ्या केंद्रावर तिच्या थोड्या नळ्या असल्याचं कानावर आलं. तिथं माझ्या ओळखीचा एक जण होता. त्याच्याकडून दोन नळ्या मागून आणल्या. बसमध्ये ते छोटं भांडं मी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, दूध का? मी हो म्हटलं.

मग राखीची वाट बघणं आलं. शेवंताबाई रोज उजाडता राखीच्या मागं जाऊन उभ्या राहत. एका सकाळी फोन आला. 'डॉक्टर, या.' त्यांनी कधीच कोणतं क्रियापद वापरलं नाही. मी गेलो. गजानन दाराशी उभा होता. मी दोघांच्या देखत नळी काढली आणि गजाननला वाचायला दिली. त्यावरचं जातीचं नाव त्यानं वाचलं आणि परत दिली. पहिली नळी फुकट गेली, राखी पुन्हा माजावर आली. दुसरी काढण्याआधी मी कोमट पाण्यात बोट घालून दोनदा बघितलं. भांड्यात तिसरी नव्हती. राखी कुटार खात होती.

राखी फळली.

ती व्याली तेव्हा मी तिथं होतो. पाय अडकला होता, म्हणून बोलावलं होतं. पारडू ओढून काढलं, नाक-तोंड पुसलं, शेपटी वर केली. भुरं होतं. अगदी राखेच्या रंगाचं. आणि टोणगा होता.

शेवंताबाई खाली बसल्या. पारडू चाटत असलेल्या राखीच्या पाठीवर हात ठेवून त्या रडल्या, आवाज न करता. मीही तिथंच घमेल्याजवळ बसून राहिलो. हात धुवायचं सुचलं नाही.

चिकाचं दूध संपून पारडू उड्या मारू लागलं, तेव्हा गजानननं ते अंजनगावच्या बाजारात न्यायचं काढलं. शेवंताबाई नको म्हणत नव्हत्या. मी धावत गेलो. अंगणात बसून समजावून सांगितलं की हा टोणगा साधा नाही, या तालुक्यात असा दुसरा नाही, हा मोठा झाला तर ज्यांच्याकडे भुऱ्या म्हशी उरल्यात त्यांना हल्या मिळेल, वंश वगारीनंच चालतो असं नाही. चांगलं बोललो. पाराखाली बोलायचो त्याहून चांगलं.

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'डॉक्टर, हल्या म्हंजे लग्नातला बँडवाला.'

मी टोणग्याकडं बघितलं.

'वरातीपुरता लागते. वाजवलं, झालं. त्याले कोनी वर्षभर घरी जेवाले ठेवते का?' शब्द माझे, क्रम माझा, मी जिथं थांबायचो तिथंच त्या थांबल्या. गजानन म्हणाला, 'माह्या शाळेतल्या वयात सभा झाली व्हती, साहेब. तवापासून गावात समदे म्हनतात.'

मी म्हटलं, 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती.'

'काय वेगळी?' शेवंताबाई म्हणाल्या. 'तवाही तुमी सांगे, आताही तुमीच सांगून रायले.'

माझं इतकं व्यवस्थित रुजलेलं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. खात्यानं बघायला हवं होतं. मी चपला घालून निघालो. टोणगा फाटकापर्यंत माझ्या मागं आला, बहुतेक मोज्याच्या वासानं.

बाजार मात्र लांबत गेला. शेवंताबाई आज नाही उद्या करत राहिल्या. पुढं काही महिन्यांनी माझा निरोप समारंभ होता, दवाखान्याच्याच आवारात. शाल झाली, नारळ झाला, वरिष्ठांचं भाषण चालू होतं आणि एक पिकअप येऊन थांबली. मागं टोणगा, पुढं शेवंताबाई, चालवायला गजानन. शेवंताबाई उतरल्या, टोणग्याचं दावं धरून सरळ मांडवात आल्या. वरिष्ठ थांबले.

'डॉक्टर, मले लेक नाई,' त्या म्हणाल्या. 'असती तं तिले राखीचं पारडू आंदन गेलं असतं. हे तुमाले आंदन देते.'

मी म्हटलं, 'शेवंताबाई, मी कुठं ठेवू?'

'वरात तुमी लावली. बँडवाला तुमीच सांभाळा.' लोक हसले. त्या हसल्या नाहीत. 'पन एक हाय. याची भुरी वगार माह्या दारात आली पायजे. माह्या जिवात जीव हाय तवर.' आणि दावं माझ्या हातात दिलं. शालीवर.

नारळ खाली ठेवावा की दावं, ते मला कळेना.

वलगावला घरी गेलो तेव्हा माझ्या बायकोनं, सुजातानं, ओवाळायला ताट तयार ठेवलं होतं. तिनं आधी मला बघितलं, मग मागं बघितलं. बँडवाल्याचं भाषण तिचंही पाठ होतं, घरी सराव तिच्यासमोरच झाला होता. तिनं ते म्हटलं नाही. नुसतं विचारलं, 'जेवाले किती दिवस हाय हे पाव्हने?' मी म्हटलं, राहतीलच. त्या दिवसापासून त्याचं नाव पाव्हणा.

पाव्हणा आमच्या परसात वाढला. निवृत्तीनंतर वाचन करायचं ठरवलं होतं, ते राहिलं. रोज कुटार, सरकीची ढेप, पाणी, शेण. सुजाता आधी त्याच्याशी बोलत नसे, नंतर माझ्याशी बोलेनाशी झाली आणि त्याच्याशी बोलू लागली. तिसऱ्या वर्षात तो भरला. मान अशी की दावं दुप्पट जाड करावं लागलं. मी ओळखीच्यांना कळवलं की भुरा हल्या आहे, ज्यांच्याकडे भुरी असेल त्यांनी यावं. बरेच दिवस कोणी आलं नाही. काहींनी फोनवर बँडवाल्याची आठवण करून दिली.

इकडे राखी गेली. फोन गजाननचा आला. 'माय जेवत नाई,' एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मी पाव्हण्याकडे बघितलं. तो रवंथ करत होता. त्याला घाई नव्हती, मला होती.

मग एका सकाळी फाटकाबाहेर पिकअप थांबली. मी बागेला पाणी देत होतो, सुजाता पुढं गेली. गजानन उतरला होता, खाली मान घालून. मागं एक भुरी म्हैस उभी. मागाहून कळलं ते असं: त्यानं मुऱ्हा विकत आणली होती. ती खारं पाणी तोंडात घेईना. तिला रोज कॅनचं पाणी आणावं लागे, घरातली माणसं बोअरचं पीत आणि म्हैस कॅनचं. शेवटी ती विकली आणि अकोल्याकडं गावोगाव फिरून ही भुरी हुडकून आणली. पुढच्या सीटवर शेवंताबाई बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण नजर परसाकडं.

ज्यानं आयुष्यात मला दहा वेळा 'टाका' म्हणून सांगितलं, त्या गजाननला त्या दिवशी क्रियापद सापडेना. तो म्हणाला, 'काकू, ते... हाय का घरी?'

सुजातानं त्याच्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. 'कोन पायजे? हे का तो?'

'तो,' गजानन म्हणाला.

मी पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि फाटक उघडलं. माझं तिथं तेवढंच काम होतं.

यंदा पोळ्यानंतर फोन वाजला. शेवंताबाईंचा आवाज, पूर्वीसारखा खणखणीत. 'व्याली, डॉक्टर. वगार हाय. भुरी.' मागं गजानन कोणाला तरी पेढे आणायला सांगत होता. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, 'शेवंताबाई, फार चांगलं झालं. मला...'

'तुमाले नाई,' त्या म्हणाल्या. 'त्याले सांगजा.'

मी परसात गेलो आणि सांगितलं.